पाणी घेतल्यावरचे प्रश्न

(लेखमाला ‘श्रद्धा आणि शंका’ : लेखांक ६)

आमच्या आंजर्ल्याशेजारच्या मुर्डीत जन्मलेल्या रँग्लर परांजप्यांवरचा मागचा लेख वाचून आमच्या काकूंनी मला गडग्यावरूनच हाक मारली. मांडीशी रातांब्यांची टोपली, कोपरापर्यंत लाल झालेले हात. “देव न मानणाऱ्याला प्रश्न पडतात, ते समजलं हो. पण ख्रिस्ती माणसाचं काय? एकदा पाणी घेतलं, बाप्तिस्मा झाला, की मग कसले आलेत प्रश्न? उत्तरं पाठच करून घेत असतील ना?”

काकूंचा समज अगदीच हवेतला नाही. आंजर्ल्याच्या खाडीपलीकडे हर्णै आहे. आज तिथे आपण मासळीच्या लिलावाला जातो, पण १८२०च्या दशकात बाणकोट आणि हर्णै ही स्कॉटिश मिशनऱ्यांची ठाणी होती, त्यांच्या शाळा होत्या. मुंबईच्या विल्सन कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते जॉन विल्सन १८२९ साली देशात आले, ते मराठी शिकायला आधी इकडेच. मिशनच्या शिकवणीत प्रश्नोत्तरी असायची. तिच्यात प्रश्नही गुरुजींचा आणि उत्तरही गुरुजींचंच. पोरांनी पावकी-निमकीसारखं घोकायचं. पुढे विल्सनसाहेबांनी मुंबईत जाहीर वाद घातले, मोरभट दांडेकरांनी त्यांना ग्रंथ लिहून उत्तर दिलं. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचाऱ्यांनी मिशनऱ्यांशी कित्येक आठवडे सवाल-जवाब केले. गर्दी जमायची, रंगत यायची. पण या वादातले बरेचसे प्रश्न समोरच्याचं तोंड बंद करण्यासाठी होते. स्वतःला पडलेला प्रश्न कुणी असा चौपाटीवर मांडत नाही.

खुद्द बायबल मात्र प्रश्नांना एवढं बिचकत नाही. येशूच्या बाळपणानंतर आणि मोठेपणाआधी चारही शुभवर्तमानांत मिळून एकच गोष्ट येते, ती लूकने सांगितलेली. बारा वर्षांचा मुलगा यरुशलेमेच्या सणात हरवतो, आईबाप तीन दिवस शोधतात आणि तो सापडतो मंदिरात, शास्त्र्यांच्या घोळक्यात बसून त्यांचं ऐकताना आणि त्यांना प्रश्न विचारताना. थोमा हा शिष्य तर जखमांत बोट घातल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणाला. त्याला कुणी हाकलून दिलं नाही, जखमा पुढे केल्या. मराठीपुरतं बोलायचं, तर फादर स्टीफन्सच्या १६१६च्या ‘क्रिस्तपुराणा’ची सुरुवातही एका श्रोत्याच्या विचारण्यातूनच होते. आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी वाचायला दुसरं काही का देत नाही? प्रश्न बिनतोड होता. त्याच्या उत्तरादाखल पाद्रीबाबांना दहा हजारांवर ओव्या लिहाव्या लागल्या.

पण काकूंचा रोख पाणी घेतल्यानंतरच्या प्रश्नांवर होता, आणि त्याला उत्तर द्यायचं तर पंडिता रमाबाईंकडे जावं लागतं.

वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं आणि रमाबाई ते आईकडून शिकल्या. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. अशी बाई १८८३ साली लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेली, वाँटेजच्या मठात राहिली आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला तिने बाप्तिस्मा घेतला. इथे बहुतेक लेखकांची लेखणी थांबते, कुणाची कौतुकाने, कुणाची संतापाने. खरी गंमत त्यापुढच्या तीन वर्षांत आहे.

मठातल्या सिस्टर जेराल्डिन या रमाबाईंच्या धर्ममाता. नवी लेक शहाण्यासारखी वागेल, अशी त्यांची अपेक्षा. लेकीने पत्रांतून एकेक गाठ सोडायला घेतली. पिता, पुत्र, पवित्र आत्मा हे तीन मिळून एक कसे? मतांगीकार (श्रद्धेचा ठरीव कबुलीजबाब) मंडळीने ठरवला, पण बायबलात तो नेमका कुठे आहे? क्रुसावर लॅटिन अक्षरं दिसली तर विचारलं, लॅटिनमध्ये असं काय आहे जे माझ्या संस्कृतात नाही? सिस्टरना हा गर्व वाटला. रमाबाईंनी १८८५ साली कळवलं, त्याचा मथितार्थ असा की मी ख्रिस्ताच्या मंडळीची आहे, पण पाद्री आणि बिशप जे बोलतील तो शब्दन् शब्द मान्य करायला बांधलेली नाही. एका पुरोहितवर्गाचं जोखड मी मोठ्या कष्टाने उतरवलं, ते दुसऱ्याचं मानेवर घ्यायला नव्हे. चेल्टनहॅमच्या ज्या कॉलेजात त्या शिकत आणि संस्कृत शिकवत होत्या, तिथल्या प्रमुख डोरोथिया बील मात्र वेगळ्या मातीच्या. रमाबाईंशी त्यांनी पत्रांतून तासन्‌तास पुरेल असा वाद घातला, त्यांना उद्धट म्हणून झिडकारलं नाही. एकच प्रश्न एकीला बंड वाटला आणि दुसरीला अभ्यास.

या सगळ्यात रमाबाईंनी ख्रिस्त सोडला नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. त्यांचे प्रश्न दार उघडून बाहेर पडायचे नव्हते, आत आलेल्या माणसाने घराची एकेक खोली उघडून बघावी तसे होते. कायमचं राहायचं असेल तर माणूस कौलं कुठे गळतात तेही विचारतो. पुढे मायदेशी परतल्यावर स्वतः उभारलेल्या केडगावच्या मुक्तिसदनात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि बायकांना कळेल अशा साध्या मराठीत सबंध बायबल मुळापासून उतरवत बसल्या. बिशपांच्या शब्दावर न विसंबणाऱ्या बाईने दुसरं काय केलं असतं? १९२२च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, तोवर काम हातावेगळं झालं होतं.

हर्णैच्या पुढे मुरूड, तिथल्या धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली जिच्याशी लग्न केलं ती गोदूबाई रमाबाईंच्या शारदासदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी. गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. म्हणजे वाँटेजच्या त्या वादातल्या बाईचा धागा आपल्या किनाऱ्यापर्यंत पोचतोच. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय.

मी एवढं सगळं सांगेस्तोवर काकूंची अर्धी टोपली फोडून झाली होती. सालं एकीकडे, बिया एकीकडे. “आणि त्या सिस्टरबाई? बोलणं टाकलं असेल त्यांनी.”

नाही टाकलं. पुढेही पत्रं जात-येत राहिली. इतकंच नव्हे, ज्या पत्रांतल्या प्रश्नांनी त्यांचा जीव मेटाकुटीला आणला होता ती पत्रं सिस्टर जेराल्डिननीच जपून ठेवली आणि संकलित केली. १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ती पुस्तकरूपाने काढली, म्हणून आज आपल्याला वाचता येतात.

(पुढील लेखांकात : रेव्हरंड टिळक आणि १९१७चा ‘देवाचा दरबार’)