वेष्टनावरचे 'पेटंट' आणि दोऱ्यातला शोध

आयुर्वेदीय औषधांच्या व्यवहारात 'पेटंट' हा शब्द जितक्या सैलपणे वापरला जातो, तितका दुसरा क्वचितच वापरला जात असेल. एका कपाटात शास्त्रोक्त कल्प आणि दुसऱ्या कपाटात 'पेटंट औषधे', अशी मांडणी आपल्या बहुतेक औषधालयांत दिसते. या शब्दप्रयोगाचे मूळ सन १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात आहे. 'पेटंट ऑर प्रोप्रायटरी मेडिसिन' ही संज्ञा त्यात आली आणि तिचा पूर्वार्ध तेवढा आपल्या बोलण्यात रुळला. आयुर्वेदापुरता तिचा अर्थ इतकाच की, कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातील ग्रंथांत आलेली द्रव्ये घेऊन, परंतु ग्रंथोक्त पाठ सोडून, निर्मात्याने स्वतः जुळविलेला योग. त्याचा परवाना महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासन देते. पेटंट कार्यालयाचा त्याच्याशी काडीचाही संबंध नसतो. तोच योग उद्या शेजारच्या निर्मात्याने परवाना घेऊन काढला, तर त्याला अडविण्याचा अधिकार या परवान्यातून मिळत नाही. व्यापारचिन्हाच्या नोंदणीने नावाचे रक्षण होते, योगाचे नव्हे.

हा केवळ शब्दांचा घोळ असता तर त्यासाठी लेखणी उचलण्याचे कारण नव्हते. परंतु या समजुतीमुळे आपल्या व्यवसायाचे दुहेरी नुकसान होते. ज्याला पेटंट नाही त्याला ते आहे असे मानून आपण निर्धास्त राहतो, आणि ज्याला खरोखर पेटंट मिळू शकेल अशा गोष्टीकडे आपले लक्षच जात नाही. हे स्पष्ट होण्यासाठी प्रस्तुत लेखात दोन दोऱ्यांचा विचार करू. एक दोरा अमेरिकेतील प्रयोगशाळेतून आला, दुसरा काशीहून.

विरघळणारा दोरा

सीवनकर्मासाठी कोणते द्रव्य वापरावे हा प्रश्न सुश्रुताचार्यांनी फार पूर्वी हाताळला आहे. अश्मंतकाची साल, शण, क्षौम, स्नायू, केस, मूर्वा व गुडूची यांचे तंतू अशी सूत्रद्रव्यांची यादी सूत्रस्थानात आढळते. पाश्चात्त्य शल्यतंत्रात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शरीरात विरघळणारा टाका म्हणजे प्रामुख्याने 'कॅटगट', अर्थात मेंढी वा गाईबैलांच्या आतड्यापासून केलेला दोरा. प्राणिज असल्याने तो सर्वत्र सारखा नसे. तो किती दिवसांत विरघळेल याची खात्री नसे आणि शरीराची प्रतिक्रियाही बरीच येई.

याला पर्याय सापडला तो पॉलिग्लायकोलिक ॲसिड या बहुवारिकात. हे द्रव्य रसायनशास्त्राला आधीच ज्ञात होते. ओलाव्यात त्याचे विघटन होते म्हणून टिकाऊ धाग्याच्या दृष्टीने ते निरुपयोगी समजले जाई. अमेरिकन सायनामिड या कंपनीतील एडवर्ड श्मिट व रोक्को पोलिस्टिना यांनी या दोषाचाच गुण केला. शरीरातील पाण्याने जे हळूहळू तुटते आणि ज्याचे तुकडे शरीर सहज बाहेर टाकते, त्याचाच टाका का करू नये? सन १९६७ मध्ये त्यांना शल्यसूत्रासाठी अमेरिकी पेटंट क्रमांक ३२९७०३३ मिळाले आणि १९७० च्या सुमारास 'डेक्सॉन' या नावाने तो दोरा बाजारात आला. पाठोपाठ १९७४ मध्ये प्रतिस्पर्धी कंपनीने 'व्हिक्रिल' आणले. पुढे सन २००२ मध्ये त्याच व्हिक्रिलवर ट्रायक्लोसान या जंतुरोधक द्रव्याचा लेप दिलेल्या टाक्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. औषधाने लेपलेला दोरा ही कल्पना आधुनिक बाजारात नवी म्हणून आली, हे आपल्या वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावे.

या पहिल्या दोऱ्याचा बोध असा की, शोध द्रव्यातच असतो असे नाही. तो द्रव्याच्या विशिष्ट रूपात, घडणीत, वापरात आणि त्यामागील मोजमापात असू शकतो. त्या संशोधकांनी 'हा टाका चांगला आहे' एवढे लिहिले असते, तर त्यांना पेटंट मिळाले नसते. द्रव्य कसे करावे, धागा कसा ओढावा, तो किती दिवस ताण सहन करतो, हे सर्व इतरांना वाचून करता येईल इतके स्पष्ट लिहून द्यावे लागते. पेटंट हा समाजाशी केलेला सौदा आहे. शोधकाने कृती उघड करायची आणि मोबदल्यात अर्ज दाखल केल्यापासून २० वर्षे इतरांना ती वापरण्यापासून रोखण्याचा हक्क घ्यायचा. ही मुदत संपली की ती कृती सर्वांची. गुप्तता म्हणजे पेटंट ही आपल्याकडील समजूत म्हणूनच मुळात उलटी आहे.

काशीचा दोरा

आता आपल्या दोऱ्याकडे वळू. नाडीव्रण व भगंदर यांत क्षारसूत्राचा उपयोग सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात, सतराव्या अध्यायात सांगितला आहे. परंतु सूत्र कसे तयार करावे हे तेथे तपशिलाने येत नाही. पुढे चक्रदत्ताने स्नुहीक्षीर व हरिद्राचूर्ण यांनी सूत्र भावित करण्याचा विधी दिला. त्यानंतर दीर्घकाळ हा उपक्रम मोजक्या परंपरांत राहिला. काशी हिंदू विश्वविद्यालयात १९६० च्या दशकात डॉ. पी. एस. शंकरन, डॉ. पी. जे. देशपांडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला पुन्हा शास्त्रशुद्ध बैठक दिली.

त्यांच्या पद्धतीने तयार होणारे सूत्र आज बहुतेक शल्यतंत्र विभागांत प्रमाण मानले जाते. २० क्रमांकाचा लिननचा दोरा चौकटीवर ताणून घ्यायचा. त्यावर स्नुहीक्षीराचे ११ लेप, नंतर स्नुहीक्षीर व अपामार्गक्षाराचे ७, आणि शेवटी स्नुहीक्षीर व हरिद्राचूर्णाचे ३, असे एकूण २१ लेप. प्रत्येक लेपानंतर सूत्र उष्ण हवेच्या पेटीत वाळवायचे आणि अखेर निर्जंतुक करून नळीत बंद करायचे. यात स्नुहीक्षीर बंधकाचे काम करते, क्षार छेदन व शोधन करतो आणि हरिद्रा व्रणरोपणास साह्य करते. साधारणतः दर आठवड्यास सूत्र बदलले जाते. मूळ मार्गाची लांबी सेंटिमीटरमध्ये घेऊन एकूण दिवसांना तिने भागले की एका सेंटिमीटरच्या छेदनास किती दिवस लागले हे कळते. या साध्या भागाकाराने आपल्या चिकित्सेला एक माप मिळाले.

हे माप मिळाल्यामुळेच पुढची परीक्षा शक्य झाली. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने अनेक केंद्रांत यादृच्छिक पद्धतीने केलेल्या तुलनात्मक अभ्यासाचे निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेनंतर भगंदराचा पुनरुद्भव ११ टक्के, तर क्षारसूत्रानंतर ४ टक्के आढळला. व्रण भरून येण्यास मात्र शस्त्रक्रियेत ४ आठवडे आणि क्षारसूत्रात ८ आठवडे लागले. ही दुसरी बाजूही आपण रुग्णास तितक्याच मोकळेपणाने सांगितली पाहिजे.

ही पद्धत प्रबंध, शोधनिबंध व पाठ्यपुस्तके यांतून सर्वांपुढे आली. त्यामुळे आज कोणीही तिच्यावर मक्तेदारी सांगू शकत नाही. गावोगावच्या वैद्यांना ती मोकळेपणाने वापरता येते, हे या उघडपणाचे फळ आहे आणि ते लहान नाही.

लिहिलेले ते टिकले

उघड व दिनांकित लेखनाचे बळ किती असते, हे त्याच सूत्रावरील शेवटच्या लेपाने, म्हणजे हळदीने, दाखवून दिले. व्रणरोपणासाठी हळदीच्या वापरावर सन १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास अमेरिकी पेटंट क्रमांक ५४०१५०४ देण्यात आले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले आणि १९९७ मध्ये त्यातील दावे रद्द झाले. 'आमच्या आजीला हे ठाऊक होते' या विधानावर हा निकाल लागला नाही. संस्कृत, उर्दू व हिंदी ग्रंथांतील उतारे आणि १९५३ मध्ये भारतीय वैद्यकीय नियतकालिकात छापलेला लेख असे कागद समोर ठेवले गेले. या अनुभवातूनच २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाच्या अंकीय ग्रंथालयाचे काम सुरू झाले. आपल्या ग्रंथांतील योग इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश व जपानी या भाषांत पेटंट परीक्षकांना त्यामुळे तपासता येऊ लागले.

कायदा काय देतो, काय देत नाही

आपल्या देशाचा कायदाही याच दिशेचा आहे. पेटंट कायद्याच्या कलम ३ मध्ये जे 'शोध' मानले जात नाही त्याची यादी आहे. जे वस्तुतः पारंपरिक ज्ञानच आहे, किंवा परंपरेने ज्ञात घटकांच्या ज्ञात गुणांची केवळ बेरीज आहे, ते उपकलम 'पी' नुसार वगळले जाते. द्रव्यांचे नुसते मिश्रण आणि ज्ञात द्रव्याचा केवळ नवा उपयोग यांनाही संरक्षण नाही. मनुष्यावरील चिकित्सा-विधीही पेटंटयोग्य नाही. म्हणजे क्षारसूत्र बांधण्याची पद्धत कोणाच्या मालकीची होऊ शकत नाही, आणि ते योग्यच आहे.

मग आपल्या हाती काय उरते? बरेच उरते. ज्यांनी स्वतः क्षारसूत्र केले आहे त्यांना अडचणी सांगायला नकोत. स्नुहीक्षीर लवकर घट्ट होते आणि करणाऱ्याच्या त्वचेला व डोळ्यांना त्रास देते. हाताने दिलेला लेप दोऱ्याच्या दोन टोकांस सारखा बसत नाही. क्षार हवेतील ओल शोषून घेतो, त्यामुळे कोकणातील पावसाळ्यात उघडे राहिलेले सूत्र ओलसर होते आणि लेप सुटू लागतो. दोन निर्मात्यांच्या सूत्रांत क्षाराचे प्रमाण भिन्न असेल, तर छेदनाचा वेग तरी सारखा कसा राहावा? हे प्रश्न द्रव्यगुणाचे कमी आणि पदार्थ-अभियांत्रिकीचे अधिक आहेत. समान जाडीचा लेप देणारे यंत्र, तापमान व आर्द्रता यांवर नियंत्रण ठेवणारी वाळवण्याची पेटी, ओल रोखणारे वेष्टन, सूत्र सहज ओवता येईल अशी नवी एषणी, यांपैकी प्रत्येक गोष्ट नावीन्य, शोधात्मक पायरी व औद्योगिक उपयुक्तता या तीन कसोट्यांवर उतरल्यास पेटंटयोग्य ठरू शकते. नवे बंधक द्रव्य योजल्यास मात्र परीक्षक 'हे केवळ मिश्रण नव्हे' याचा पुरावा मागणार. एकत्रित परिणाम घटकांच्या बेरजेहून अधिक आहे, हे आकड्यांनी दाखवावे लागेल.

आपल्या सभासदांसाठी काही सूचना

पहिली सूचना काहीशी विरोधाभासी वाटेल. ज्या शोधाचे पेटंट घ्यावयाचे आहे त्याविषयी अर्ज करण्यापूर्वी या त्रैमासिकातही लिहू नये. पूर्वप्रसिद्धीने नावीन्य जाते. विद्वत्सभेपुढे वाचलेला निबंध अशा काही मर्यादित प्रसंगी कायदा १२ महिन्यांची सवलत देतो, परंतु तिच्या भरवशावर राहणे हिताचे नाही. आधी तात्पुरते विवरणपत्र दाखल करावे, १२ महिन्यांच्या आत पूर्ण विवरणपत्र द्यावे, आणि मग लेख खुशाल छापावा. महाराष्ट्र व गोव्यातील अर्जदारांसाठी मुंबईचे अँटॉप हिल येथील कार्यालय आहे. परीक्षणाची विनंती वेगळी करावी लागते. सन २०२४ च्या सुधारित नियमांनुसार तिची मुदत ३१ महिने आहे आणि ती चुकली तर अर्ज मागे घेतला असे धरले जाते. शोधात वनस्पतिज द्रव्य असल्यास जैवविविधता कायद्याखालील औपचारिकता पेटंट मिळण्यापूर्वी पूर्ण करावी लागते, याचाही विसर पडू नये.

दुसरी सूचना नोंदवहीची. प्रत्येक खेपेस द्रव्य कोठून व कोणत्या ऋतूत घेतले, किती लेप दिले, किती तास व कोणत्या तापमानास वाळविले, काय बिघडले, हे दिनांक व स्वाक्षरीसह लिहावे. बिघाडाची नोंद विशेष जपावी. शोध बहुधा तेथेच दडलेला असतो.

तिसरी सूचना मनोभूमिकेची आहे. प्रत्येक सुधारणेचे पेटंट घ्यावेच, असे आमचे म्हणणे नाही. काशीच्या वैद्यांप्रमाणे एखादी पद्धत सर्वांस देऊन टाकणे हा आपल्या परंपरेला शोभणारा मार्ग आहे. परंतु देऊन टाकणे आणि हातून निसटणे यांत अंतर आहे. पेटंट घ्यावयाचे असो वा ज्ञान समाजास अर्पण करावयाचे असो, दोन्हींसाठी ते आधी अचूक लिहिलेले असावे लागते. आपल्या कितीतरी ज्येष्ठ वैद्यांच्या हातच्या युक्त्या ना पेटंट झाल्या, ना प्रसिद्ध झाल्या. त्यांच्यासोबतच त्या गेल्या.

तेव्हा वेष्टनावर 'पेटंट' छापण्याची घाई नको. ज्याच्यापाशी वीस वर्षांच्या निर्मितीचा अनुभव आहे, अशा प्रत्येक औषधनिर्मात्याने या तिमाहीत निदान एका कल्पाची किंवा उपकरणाची कृती, मोजमापांसह, परक्या माणसाला वाचून करता येईल अशी लिहून काढावी. ती लिहिताना जेथे 'हे आमच्या हाताला ठाऊक आहे' असे म्हणून लेखणी थांबेल, तेथून कामास आरंभ करावा.