खोक्यावर ‘ऑक्टा-कोअर’ लिहिलंय. पण तुमच्या फोनच्या कर्नलला ते माहीत आहे का?

मोबाइलच्या दुकानात गेलात की काउंटरमागचा मुलगा पहिल्या दोन वाक्यांतच सांगतो, “सर, ऑक्टा-कोअर आहे, हँग होणार नाही.” खोक्यावरचा आकडा खोटा नसतो. चिपमध्ये आठ कोअर खरोखरच असतात. पण त्या आठांना कामाला लावायचं की नाही, कोणाला कोणतं काम द्यायचं आणि कोणाला झोपू द्यायचं, हे चिप एकटी ठरवत नाही. ते ठरवतो कर्नल. आणि कर्नलला यातलं काय जमेल, हे फोन तुमच्या हातात येण्याच्या कितीतरी आधी एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठरून गेलेलं असतं.

ही फाइल किती महागात पडू शकते, हे मला इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षी कळलं. प्रोजेक्ट होता इमेज प्रोसेसिंगचा. एक काम आठ थ्रेडमध्ये वाटायचं आणि वेग किती वाढतो याचा आलेख काढायचा. लॅपटॉप नवा होता, चार कोअर आणि आठ थ्रेडचा. त्यावर आम्ही हौसेने स्वतः बिल्ड केलेला लिनक्स कर्नल टाकला होता. दोन थ्रेडपर्यंत आलेख छान चढला, आणि पुढे सपाट. चार थ्रेड द्या, आठ द्या, वेग तेवढाच. आठ दिवस आम्ही आमच्याच कोडमध्ये चूक शोधत बसलो. सबमिशनला तीन दिवस उरले होते आणि गाइडनी “आलेख असाच असेल तर निष्कर्षात काय लिहिणार?” एवढंच विचारलं होतं. शेवटी एका सीनियरने कर्नलचा बूट लॉग उघडायला लावला. त्यात एक ओळ होती. तिचा अर्थ असा, की प्रोसेसरची मर्यादा २ संपली, पुढच्याकडे दुर्लक्ष केलं आहे. आठ लॉजिकल प्रोसेसरपैकी सहा आमच्या कर्नलने मोजलेच नव्हते.

कर्नल ‘बिल्ड’ करतात म्हणजे काय करतात?

अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्स कर्नल असतो. अॅप आणि हार्डवेअर यांच्यामधला हा थर. मेमरी कोणाला द्यायची, प्रोसेसरवर कोणाची पाळी, कॅमेरा-टचस्क्रीनशी बोलायचं कसं, ही सगळी कामं त्याची. हा कर्नल मुख्यतः सी भाषेतला सोर्स कोड आहे आणि तोच कोड घड्याळापासून सुपरकॉम्प्युटरपर्यंत सगळीकडे वापरला जातो. मग घड्याळात सुपरकॉम्प्युटरचं ओझं जाऊ नये म्हणून कंपाइल करण्याआधी प्रश्नांची एक लांबलचक यादी भरावी लागते. प्रश्न हजारोंनी आहेत. बहुतेकांची उत्तरं तीन प्रकारची: ‘वाय’ म्हणजे आत घ्या, ‘एन’ म्हणजे नको, ‘एम’ म्हणजे मॉड्यूल करून बाजूला ठेवा, लागेल तेव्हा जोडू. काही ठिकाणी आकडा लिहायचा असतो. ही सगळी उत्तरं ‘डॉट कॉन्फिग’ नावाच्या फाइलमध्ये साठतात. टर्मिनलवर ‘मेक मेन्यूकॉन्फिग’ असं टाइप केलं की निळ्या पडद्यावर हा मेन्यू उघडतो.

यातली बरीच उत्तरं नंतर सेटिंगमध्ये जाऊन बदलता येत नाहीत. बदलायची तर कर्नल पुन्हा बिल्ड करावा लागतो.

पहिला प्रश्न: एकच प्रोसेसर की अनेक?

या पर्यायाचं नाव ‘एसएमपी’. सगळे प्रोसेसर एकाच मेमरीवर, समान हक्काने काम करतील अशी रचना, असा त्याचा अर्थ. लिनक्सला ही गोष्ट जन्मतः येत नव्हती. १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी तो लिहिला तेव्हा समोर एकाच प्रोसेसरचा पीसी होता. अनेक प्रोसेसरची सोय अधिकृतपणे आली ती जून १९९६ च्या २.० आवृत्तीत, आणि तीही एका मोठ्या अटीसह.

ती अट समजायला लग्नघराची कोठी आठवा. आचारी आठ आहेत, पण कोठीची किल्ली एकच, मावशींच्या कमरेला. डाळ हवी, तूप हवं, गूळ हवा, तर एका वेळी एकच जण आत जाणार. बाकीचे झारा हातात घेऊन दारात उभे. लिनक्स २.० मध्ये तसंच होतं. ‘बिग कर्नल लॉक’ नावाचं एकच कुलूप आणि एका वेळी एकच प्रोसेसर कर्नलच्या आत. पुढची पंधरा वर्षं डेव्हलपरनी हे मोठं कुलूप काढून प्रत्येक डब्याला छोटं कुलूप लावायचं काम केलं. डाळीच्या डब्यावर एक जण असताना तुपाच्या डब्याशी दुसरा जाऊ शकतो, तसं. मूळ कुलूप पूर्णपणे गेलं ते मे २०११ मध्ये, २.६.३९ या आवृत्तीत. साधारण त्याच सुमारास ड्युअल-कोअर फोन बाजारात येत होते.

एसएमपीला ‘एन’ म्हटलं तर कंपायलर ही छोटी कुलपंच जवळपास काढून टाकतो, कारण वाट पाहायला दुसरं कोणी नसतंच. कर्नल थोडा हलका होतो. पण असा कर्नल आठ कोअरच्या मशीनवर टाकला तर तो एकाच कोअरवर चालतो आणि तक्रारही करत नाही. आजच्या फोनमधल्या ६४ बिट आर्म प्रोसेसरसाठी मात्र हा प्रश्न विचारलाच जात नाही. तिथे एसएमपी कायम चालू धरलेलं आहे.

आम्ही नेमकं कुठे फसलो?

त्याच्या पुढच्या ओळीत. ‘एनआर सीपीयूज’, म्हणजे जास्तीत जास्त किती प्रोसेसर सांभाळायचे. इथे आकडा लिहायचा असतो. आम्ही लॅबमधल्या जुन्या ड्युअल-कोअर मशीनची कॉन्फिग फाइल उचलली होती आणि तिच्यात कोणीतरी कधीतरी २ लिहून ठेवलं होतं. बहुधा मेमरी वाचवायला.

किती वाचली? इंटेल-एएमडी मशीनसाठीच्या या पर्यायाच्या मदत-मजकुरातच हिशेब दिलेला आहे: प्रत्येक प्रोसेसरमागे कर्नल साधारण ८ केबीने वाढतो. म्हणजे ८ च्या जागी २ लिहून आम्ही ४८ केबी वाचवले. व्हॉट्सअॅपवरचा ‘सुप्रभात’चा फोटो याहून मोठा असतो. त्या बदल्यात सहा प्रोसेसर घालवले.

मग उलट टोकाला जाऊन भलामोठा आकडा का लिहू नये? उबुंटू, फेडोरा यांसारख्या तयार लिनक्समध्ये तो ८१९२ असतो, कारण त्यांचा कर्नल कोणाच्या लॅपटॉपवर जाईल आणि कोणाच्या सर्व्हरवर, हे त्यांना माहीत नसतं. पण त्यालाही एक किंमत आहे. ‘कोणते प्रोसेसर’ ही माहिती कर्नल बिटच्या पट्टीत ठेवतो, एका प्रोसेसरला एक बिट. ८१९२ बिट म्हणजे १ केबीची पट्टी. कर्नलच्या आत प्रत्येक कामाला मिळणारी स्टॅकची जागा पीसीवर जेमतेम १६ केबी असते. तिच्यात अशा दोन-चार पट्ट्या बसल्या की दाटी झाली. म्हणून आकडा ५१२ च्या पुढे न्यायचा तर या पट्ट्या स्टॅकबाहेर ठेवणारा वेगळा पर्याय चालू करावा लागतो. घरच्या मशीनसाठी साधा नियम पुरे: प्रोसेसर जितके दिसतात त्याहून कमी आकडा कधीच लिहू नका, आणि मोजताना थ्रेड मोजा. चार कोअर, आठ थ्रेड असतील तर कर्नलसाठी ते आठ आहेत.

आणखी एक गंमत. चूक सापडल्यावर आम्ही नवा कर्नल बिल्ड करायला घेतला, तोही त्याच दोन प्रोसेसरच्या कर्नलवर! तासभर पंख्याची घरघर ऐकल्यावर कोणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला, की बूट मेन्यूमध्ये मूळ कर्नल अजून आहे, त्यात जाऊन बिल्ड करू. म्हणूनच नवा कर्नल टाकताना जुना कधी पुसायचा नसतो.

फोनमधले आठ कोअर सारखे का नसतात?

लॅपटॉपची गोष्ट तुलनेने सोपी होती, कारण तिथले चारही कोअर सारखे होते. फोनमध्ये तसं नसतं. आर्म कंपनीने ऑक्टोबर २०११ मध्ये ‘बिग-लिटल’ ही कल्पना जाहीर केली. एकाच चिपमध्ये थोडे ताकदवान पण बॅटरी खाणारे कोअर आणि थोडे संथ पण काटकसरी कोअर. २०१३ मध्ये सॅमसंगची ‘एक्सिनॉस ५ ऑक्टा’ आली आणि ऑक्टा-कोअर हा शब्द जाहिरातींत रुळला. पण त्या पहिल्या चिपमध्ये एका वेळी चारच कोअर चालत. चार मोठे, नाहीतर चार लहान. आठ एकत्र नाहीत.

पुढे आठही एकत्र चालू लागले आणि खरी पंचाईत कर्नलच्या शेड्यूलरची झाली. शेड्यूलर म्हणजे कोणतं काम कोणत्या कोअरवर जाईल ते ठरवणारा भाग. तो सर्व्हरच्या दुनियेत वाढलेला. सगळ्यांना सारखं काम वाटणं हाच त्याचा न्याय. फोनवर हा न्याय बॅटरीच्या मुळावर येतो. गाणं चालू आहे आणि स्क्रीन बंद आहे, एवढ्यासाठी मोठा कोअर उठवणं म्हणजे कोथिंबिरीची जुडी आणायला ट्रक काढण्यासारखं.

यावरचा उपाय म्हणजे ‘एनर्जी अवेअर शेड्यूलिंग’. कोणता कोअर कोणत्या वेगाला किती वीज खातो याचा तक्ता कर्नलला दिला जातो, आणि काम वाटताना तो हा तक्ता पाहतो. मुख्य लिनक्समध्ये ही सोय मार्च २०१९ च्या ५.० आवृत्तीत आली. काही अँड्रॉइड फोन तिचं आधीचं रूप त्यापूर्वीच वापरत होते. पण ती नुसती सोर्स कोडमध्ये असून भागत नाही. बिल्ड करताना ‘एनर्जी मॉडेल’ला ‘वाय’ म्हणावं लागतं, आणि कोअरचा वेग कमी-जास्त करण्यासाठी ‘शेडयुटिल’ नावाचा गव्हर्नर लागतो. यातलं एक जरी राहिलं तर कर्नल मुकाट्याने जुन्या, समान वाटपाच्या पद्धतीवर जातो. फोन बंद पडत नाही. फक्त बॅटरी लवकर उतरते, आणि आपण अॅपला दोष देत बसतो.

‘प्रीएम्प्शन’चा प्रश्नही थेट तुमच्या बोटाशी जोडलेला आहे. कर्नल एका कामात असताना तुम्ही स्क्रीनला हात लावला, तर हातातलं काम मध्येच सोडायचं की पूर्ण करून मग वळायचं? सर्व्हरवर पूर्ण करणं फायद्याचं, कारण सारखं उठबस केली की एकूण काम कमी होतं. फोनवर मध्येच सोडणं बरं, नाहीतर स्क्रोल अडखळतं. ‘एचझेड’ हा आकडा कर्नलच्या घड्याळाचे सेकंदाला किती ठोके ते सांगतो: १००, २५०, ३०० किंवा १०००. २५० म्हणजे दर ४ मिलिसेकंदांनी एक ठोका. रिकाम्या कोअरलाही असे ठोके पडत राहिले तर त्याला झोप कशी लागणार? म्हणून रिकाम्या कोअरवर ठोके थांबवण्याचा वेगळा पर्याय आहे, आणि फोनमध्ये तो हवाच.

मग तुमच्या फोनसाठी ही फाइल कोण भरतं?

पूर्वी चिप बनवणारी कंपनी आधी भरायची, मग फोन बनवणारी त्यात आपले बदल करायची. त्यामुळे एकच चिप असलेल्या दोन फोनमध्ये दोन वेगळे कर्नल असायचे, आणि सुरक्षेची दुरुस्ती प्रत्येकापर्यंत पोहोचायला वेळ लागायचा. हा घोळ आवरायला गुगलने ‘जेनेरिक कर्नल इमेज’ आणली. अँड्रॉइड १२ आणि ५.१० किंवा त्यापुढच्या कर्नलसह बाजारात आलेल्या फोनपासून मूळ कर्नल सामाईक असतो, आणि कंपन्यांचा कोड वेगळ्या मॉड्यूलमध्ये जातो. या सामाईक कर्नलच्या कॉन्फिग फाइलमध्ये प्रोसेसरची कमाल संख्या ३२ लिहिलेली आहे. आठ कोअरच्या फोनला ती भरपूर झाली. मात्र शेड्यूलरच्या ठरलेल्या ठिकाणी आपला कोड अडकवायची मुभा कंपन्यांना अजूनही आहे. त्यामुळे सारखी चिप असूनही एका फोनची बॅटरी टिकते आणि दुसऱ्याची नाही, याचं एक कारण तिथेही असू शकतं.

तुमचा फोन यात बसतो का, हे पाहायला सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’ उघडा आणि कर्नल व्हर्जन शोधा. आकड्यांच्या पुढे ‘अँड्रॉइड१२’, ‘अँड्रॉइड१४’ असं काही दिसलं तर कर्नल या सामाईक पठडीतला आहे. इथे एक गैरसमज होतो. फोन अँड्रॉइड १५ वर गेला तरी या ओळीत ‘अँड्रॉइड१२’च दिसू शकतं. म्हणजे अपडेट अर्धवट झालं असं नाही. अँड्रॉइडची आवृत्ती बदलली तरी कर्नल त्याच शाखेवर राहू शकतो, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या त्याच शाखेत येत राहतात.

प्रत्यक्ष उत्तरपत्रिका पाहायची असेल तर फोन कॉम्प्युटरला जोडून ‘एडीबी शेल’मधून ‘प्रॉक’ फोल्डरमधली ‘कॉन्फिग.जीझेड’ ही फाइल वाचता येते, अर्थात ती ठेवण्याचा पर्याय बिल्ड करताना निवडलेला असेल तर. लिनक्स लॅपटॉपवर बहुतेकदा हीच माहिती ‘बूट’ फोल्डरमध्ये ‘कॉन्फिग’ने सुरू होणाऱ्या फाइलमध्ये सापडते. लिनक्स कर्नल जीपीएल परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली येतो. फोनसोबत कर्नल विकणाऱ्या कंपनीने त्याचा सोर्स कोड मागणाऱ्याला दिला पाहिजे, आणि तो कंपाइल करायला लागणाऱ्या स्क्रिप्टही, असं हा परवाना सांगतो. काही कंपन्या तो वेळेवर देतात, काही रखडवतात.

आमच्या लॅपटॉपवर २ खोडून ८ लिहिलं आणि सबमिशनच्या आदल्या रात्री आलेख पुन्हा काढला. चार थ्रेडपर्यंत तो चढला आणि पुढे थोडा कलला, कारण कोअर शेवटी चारच होते. व्हायवात एक्स्टर्नल सरांनी पहिला प्रश्न त्या कललेल्या भागावरच विचारला.