तण काढावे, पण घाई न करता

टेकडीवर किंवा ओढ्याकाठी घाणेरीचे रान माजले, की ते एकदाच साफ करून टाकावे, असा सर्वसाधारण विचार असतो. कोयते चालतात, जागा मोकळी होते. आणि एकदोन पावसाळ्यांत तीच घाणेरी पूर्वीपेक्षा दाट उभी राहते. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे राहणाऱ्या जोन आणि आयलीन ब्रॅडली या बहिणींनी १९६०च्या दशकात या कोड्याचा उलगडा केला.

मोसमन उपनगरातील या बहिणी बंदराकाठच्या ॲश्टन पार्कमधील रानात नियमित फिरायला जात. तणे सरसकट कापल्यावर तेथे काय घडते, हे त्या पाहत होत्या. जमीन उघडी पडे आणि स्थानिक रोपे रुजण्याआधीच तणे तिचा ताबा घेत. उकरलेली माती आणि भरपूर ऊन बहुतेक तणांना मानवते. घाणेरी तर तोडलेल्या बुंध्यातून पुन्हा फुटते आणि तिची फळे खाणारे पक्षी बी दूरवर पसरवतात. बहिणींनी मग फिरता फिरता, थोडे थोडे तण हातांनीच काढण्यास सुरुवात केली.

तीन नियम

त्यांच्या अनुभवातून तीन नियम सिद्ध झाले. पहिला, काम चांगल्या रानाकडून बिघडलेल्या रानाकडे न्यावे. जेथे स्थानिक झाडोरा सशक्त आहे, तेथील तुरळक तणे आधी काढावीत. माणसाचा कल नेमका उलटा, सर्वांत वाईट जागेपासून आरंभ करण्याचा असतो. दुसरा, मातीला कमीत कमी धक्का लावावा आणि बाजूला सारलेला पालापाचोळा पुन्हा जागच्या जागी पसरावा. तिसरा नियम सर्वांत अवघड. तण किती वेगाने काढायचे, हे माणसाने नव्हे, तर स्थानिक रोपांच्या उगवणीने ठरवावे. मोकळी केलेली जागा त्या रोपांनी भरल्याशिवाय पुढे सरकू नये.

या पद्धतीत वृक्षारोपणाला दुय्यम स्थान आहे. मातीत दडलेले बी आणि शेजारची झाडे रान पुन्हा उभे करतात. माणसाने केवळ अडथळा दूर करायचा. १९७१मध्ये या विषयावर बहिणींची पुस्तिका निघाली. १९७०च्या दशकातच न्यू साउथ वेल्समधील ‘नॅशनल ट्रस्ट’ या संस्थेने ही पद्धत स्वीकारली. आयलीन १९७६मध्ये आणि जोन १९८२मध्ये निवर्तल्या. जोन यांचे पुस्तक १९८८मध्ये प्रसिद्ध झाले. आज सिडनीच्या अनेक उपनगरांत रहिवाशांचे गट पालिकांच्या साहाय्याने आपापल्या परिसरातील रान राखतात.

मर्यादा आणि आपल्या टेकड्या

ही पद्धत सर्वत्र जशीच्या तशी लागू पडत नाही. जेथे मातीतील स्थानिक बीच संपले आहे, तेथे लागवड करावीच लागते. पुढच्या कार्यकर्त्यांनी गरजेनुसार तणनाशकांचा आणि नियंत्रित वणव्याचाही वापर केला.

घाणेरी मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतील. त्यामुळे ती सिडनीत जितकी परकी, तितकीच सह्याद्रीतही. उलट, ऑस्ट्रेलियात स्वाभाविक असलेली निलगिरी आपल्याकडे लावलेली आहे. तेव्हा नावांची यादी उचलून चालणार नाही. उचलायचा तो क्रम. टेकडीवर जेथे करवंद, हेकळ आणि स्थानिक गवत अजून टिकून आहे, तेथील घाणेरी फळे धरण्यापूर्वी मुळासकट काढावी आणि त्याच जागी दर पावसाळ्यात नवे अंकुर तपासावेत. एका रविवारच्या मोहिमेने टेकडी स्वच्छ दिसेल. ती सजीव व्हायची, तर तीच माणसे वर्षानुवर्षे तेथे परतली पाहिजेत. शेजारच्या रहिवाशांना हे सर्वांत सहज जमण्यासारखे आहे, कारण ते तेथे रोज फिरायला जातातच.