अहीर

सापासारखा लांबट मासा दिसला, की आपण त्याला सरसकट वाम म्हणतो. परंतु नदीतील वाम निराळी आणि अहीर निराळा. वामीच्या पाठीवर काट्यांची रांग असते व तिचे सारे आयुष्य नदीतच जाते. अहिराच्या पाठीवर काटे नसतात. त्याचे अंग बुळबुळीत, पिवळसर तपकिरी व ठिपकेदार असते. दिवसा तो कपारीत दडून बसतो आणि रात्री भक्ष्य शोधतो. तो कातडीवाटेही श्वसन करतो. म्हणून ओल्या जमिनीवरून थोडे अंतर सरपटत जाणे त्याला साधते.

अहीर गोदावरीसारख्या नद्यांत वाढतो, पण जन्मतो मात्र समुद्रात! नदीत काही वर्षे काढल्यावर त्याला सागराची ओढ लागते. अंगावर रुपेरी झाक येते, डोळे मोठे होतात आणि अन्न वर्ज्य करून तो प्रवाहाबरोबर निघतो. खोल समुद्रात प्रजोत्पादन झाले, की त्याचे जीवन संपते. पिले पानासारखी चपटी व पारदर्शक असतात. सागरी प्रवाहांतून वाहत ती किनाऱ्याजवळ येतात, दोऱ्यासारखी सडपातळ होतात आणि नदीमुखातून वर चढू लागतात.

हे गूढ उकलण्यास शास्त्रज्ञांना फार कष्ट पडले. डेन्मार्कच्या योहानेस श्मिट यांनी १९०४ पासून युरोपीय जातीच्या पिलांचा अटलांटिक महासागरात माग काढला. जेथे सर्वांत लहान पिले, तेथेच जन्मस्थान, हे त्यांचे सूत्र होते. १९२२ साली त्यांनी सारगासो समुद्राकडे बोट दाखविले. जपानी जातीची अंडी तर महासागरात २००९ साली प्रथम हाती लागली.

आता नकाशा उघडा. बंगालच्या उपसागरातून नांदेडकडे येणाऱ्या पिलाच्या वाटेत धवळेश्वरमचा बांध, पोचमपाडचे धरण व बाभळीचा बंधारा आहे. मांजरेतून लातूरकडे वळावे, तर १९३१ साली पूर्ण झालेले निजामसागर धरण आडवे येते. धरणे आपली शेते भिजवितात, तहान भागवितात, ती हवीतच. तथापि काही देशांत बांधांच्या कडेला ओलसर, खरबरीत उतरणी ठेवतात व त्यांवरून ही पिले वर चढतात. माणसाची तहान भागावी आणि अहिराची वाटही मोकळी राहावी, एवढी सोय बुद्धिमान मनुष्यास अशक्य नाही.