म्हाताऱ्या मोटारींची वारी

शंभरीच्या पलीकडे गेलेल्या शेकडो मोटारी दरवर्षी लंडनहून ब्रायटनला जातात. त्या पोहोचतात त्या मालकांच्या हौसेवर आणि बिनपगारी खपणाऱ्या माणसांच्या जिवावर!

नोव्हेंबरचा पहिला रविवार. लंडनच्या हाइड पार्कमध्ये अजून नीट उजाडलेलेही नसते. थंडीने बोटे आखडलेली असतात. अशा वेळी कुणी मोटारीचे हँडल फिरवत असतो, कुणी वाफेच्या गाडीचा बॉयलर तापवत असतो, तर कुणी मांडीवर कांबळे पांघरून नुसतेच बसलेले असते, कारण गाडीला ना टप असतो, ना पुढची काच. सूर्य उगवतो, एक लाल झेंडा सर्वांसमक्ष टराटरा फाडला जातो आणि ही अजब वारी निघते. ठिकाण समुद्रकाठचे ब्रायटन. अंतर सुमारे ६० मैल, म्हणजे ९६ किलोमीटर. आजच्या गाडीला दोन तासांचा रस्ता. या गाड्यांना मात्र दिवस पुरला तरी देवाची कृपा!

झेंडा का फाडायचा?

त्यामागे एक गमतीदार इतिहास आहे. १८६५ साली इंग्लंडमध्ये असा कायदा झाला की, स्वयंचलित वाहनाने गावात ताशी २ आणि गावाबाहेर ४ मैलांहून अधिक वेगाने जाऊ नये आणि त्याच्यापुढे एका माणसाने लाल झेंडा घेऊन चालावे. १८७८ मध्ये झेंड्याची सक्ती गेली, पण पुढे चालणारा माणूस कायम राहिला. अखेर १८९६ मध्ये कायदा बदलला आणि मर्यादा ताशी १४ मैलांवर गेली. त्या आनंदात १४ नोव्हेंबर १८९६ रोजी मोटारवाल्यांनी लंडन ते ब्रायटन अशी धाव घेतली. तिला नाव दिले ‘मुक्तीची धाव’. निघालेल्या सगळ्याच गाड्या काही पोहोचल्या नाहीत. एक गाडी म्हणे आगगाडीतून नेऊन, चिखल फासून ब्रायटनला उभी केली होती! खरे-खोटे त्या गाडीलाच ठाऊक.

१९२७ मध्ये या धावेची आठवण म्हणून ती पुन्हा सुरू झाली. १९३० मध्ये ब्रायटनच्याच ‘ओल्ड शिप’ हॉटेलात काही दर्दी मंडळी जमली आणि ‘व्हेटरन कार क्लब ऑफ ग्रेट ब्रिटन’ स्थापन झाला. जुन्या मोटारींचा हा जगातला पहिला क्लब मानला जातो. संस्थापकांत एस. सी. एच. डेव्हिस होते. १९२७ ची ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकणारे हे गृहस्थ! वेगाचा असा बादशहा डुगडुगत्या गाड्यांच्या प्रेमात पडावा, यातच सगळे आले.

शर्यत नव्हे, सोबत

या धावेत पहिला नंबर नसतो. १९०५ पूर्वी बनलेल्या गाड्यांनाच प्रवेश आणि सरासरी वेग ताशी २० मैलांच्या आत. ठरलेल्या वेळेत पोहोचणाऱ्या प्रत्येकाला पदक मिळते.

गाडीचे जन्मवर्ष ठरवणे हेही मोठे काम. कागदपत्रे हरवलेली, भाग बदललेले. क्लबची जाणकार मंडळी सांगाडा, इंजिन, जुने कॅटलॉग तपासून दाखला देतात. वधूवरांच्या पत्रिका जुळवणेही त्यापुढे सोपे वाटावे!

गाडी चालवणे म्हणजे तर कसरतच. स्टार्टर नाही, हँडल मारावे लागते. ठिणगी लवकर पडली तर हँडल उलट झटका देते आणि मनगट मोडते. म्हणून जुनी माणसे नवशिक्याला बजावतात, “अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेव, दांड्याभोवती वळवू नकोस.” कित्येक गाड्यांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना. तेलाचे थेंब नीट पडतात की नाही, हे शेजारी बसलेल्याने बघायचे आणि चढ आला की उतरून ढकलायचेही त्यानेच! बहुतेक वेळा हा मान घरच्या मंडळींकडे जातो, हे सांगायला नकोच.

रस्त्यावर उभी असलेली माणसे

पण फोटो छापून येतात ते गाड्यांचे. चौकात थंडी-पावसात उभे राहून रस्ता दाखवणारा, घाटात बंद पडलेल्या गाडीखाली चिखलात शिरणारा, वाफेच्या गाडीसाठी पाण्याची सोय बघणारा, शेवटची गाडी येईपर्यंत थांबणारा स्वयंसेवक फोटोत नसतो. पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांना पाणी देणारे, त्यांच्या पायाला तेल चोळणारे हात असतात, तशीच ही माणसे. म्हणूनच अशा क्लबांच्या वार्षिक समारंभात पहिला हार त्यांच्या गळ्यात पडायला हवा.

याच हौशी जगावर १९५३ साली ‘जेनेव्हीव’ नावाचा गमतीदार इंग्रजी चित्रपट निघाला. त्यात पैज हरण्याची वेळ आलेली असतानाही नायक एका वृद्धासाठी थांबतो. कारण त्या म्हाताऱ्याच्या तरुणपणी त्याच्याकडे अशीच गाडी होती. जुन्या गाडीत लोखंडापेक्षा आठवणीच जास्त भरलेल्या असतात!

आपल्या घरची गोष्ट

आपल्याकडेही हा छंद जुना आहे. ‘द स्टेट्समन’ वृत्तपत्राची जुन्या गाड्यांची रॅली दिल्लीत १९६४ पासूनची. मुंबईत ‘व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया’ आहे. पण राजेरजवाड्यांच्या रोल्स-रॉइस जपल्या गेल्या, तशा साध्या घरांतल्या गाड्या जपल्या जातील का? वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीची पद्मिनी आठवा. मागे चार, पुढे तीन, मांडीवर एक, असे आपण लग्नाला गेलो. काळी-पिवळी होऊन तिने मुंबईला दशकानुदशके वाहून नेले. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून निवृत्त झाली.

गाडी भंगारात जाते तेव्हा फक्त पत्रा जात नाही. तिचा कार्बुरेटर नुसत्या कानाने जुळवणाऱ्या मिस्त्रीची विद्याही जाते. ती पुस्तकात सापडत नाही. शेजारी बसूनच शिकावी लागते. क्लबांचे खरे मोल इथे आहे. तिथे सत्तरीतले आजोबा आणि विशीतला नातू एकाच बॉनेटमध्ये डोके घालतात.

तेव्हा तुमच्या गावात कधी जुन्या गाड्यांची मिरवणूक निघाली, तर गाड्या जरूर बघा, मुलांना दाखवा. आणि उन्हात झेंडा धरून उभ्या असलेल्या त्या माणसाला पाण्याचा एक ग्लास नक्की द्या. पूर्वी मोटार थांबवायला माणूस झेंडा घेऊन पुढे चालायचा. आता ती पुढे जावी म्हणून तो उभा असतो!