मृगाच्या आधी कठडा

पहाटे ५ वाजता

मे महिन्यात मुलचेऱ्याला लोखंडाचं काम उजाडायच्या आत हाती घ्यावं लागतं. अकरानंतर उन्हात ठेवलेल्या पाइपाला हात लावता येत नाही. म्हणून टेम्पो रात्रीच भरून ठेवला होता: कठड्याच्या जस्त चढवलेल्या जाळ्या, खांब, बोल्ट-वायसर, ड्रिल मशीन, ओळंबा, पाण्याची नळी, आणि पोत्यात गुंडाळलेली सागवानी पट्टी. मदतीला आज एकच पोरगा आहे. दुसरा आईबापासोबत तेंदूपत्त्याला गेला. या दिवसांत गावंच्या गावं पहाटे जंगलात असतात आणि दुपारभर ७० पानांचे पुडे बांधतात. वर्षातला रोख पैसा बऱ्याच घरांना या थोड्या दिवसांतच दिसतो, त्यामुळे मी कुणाला अडवत नाही. काम जरा हळू होईल, एवढंच.

पण फार हळूही चालणार नाही. ७ जूनच्या सुमारास मृग लागतो, आणि एकदा पाऊस धरला की सिमेंट नीट बसत नाही.

पावणेसहा

घर बंगाली वस्तीतलं. १९६०च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या कुटुंबांना सरकारनं या जंगलपट्ट्यात जमिनी दिल्या. त्यांतल्याच एका घराची ही तिसरी पिढी. जुनं कवेलूचं घर उतरवून नवं बांधलं, आणि पावसाळ्यात नाल्याचं पाणी चढतं म्हणून जोतं चार फूट उंच घेतलं. पुढे आणि पश्चिमेला मोठी उघडी छपरी. आजी दिवसभर तिथेच असते, नातवंडं तिथेच खेळतात, आणि कडेवरून खाली थेट चार फूट. कठडा हवा, आणि तो असा हवा की दरवर्षी रंगाचा डबा उघडायला लागू नये. घरमालक दादांनी पहिल्या दिवशी एवढंच सांगितलं होतं: "मिस्त्री, एकदा लावा. परत परत नाही."

आमच्या हवेत हे सोपं नाही. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४७पर्यंत जातो, आपल्याकडेही फार मागे नसतो. मग चार महिने तेराशे मिलिमीटरच्या पुढे पाऊस. डिसेंबरात पहाटे दव. वाळवी बाराही महिने. यांतलं एकेक सोसणाऱ्या वस्तू पुष्कळ मिळतात. सगळं सोसणारी निवडून घ्यावी लागते.

सहा वाजता

दोरी बांधली, नळीनं पाण्याची पातळी काढली. फरशीचा उतार बाहेरच्या बाजूला आहे का, ते पेलाभर पाणी ओतून पाहिलं. आहे. हे आधी पाहायचं असतं, कारण कठडा मधून कधी मरत नाही, तो पायातून मरतो. या भागातला कुठलाही जुना कठडा बघा. वरचा पाइप अजून धड असतो आणि खांब फरशीला टेकतो तिथे गंजून चाळणी झालेला असतो. खांब सिमेंटमध्ये पुरला की लोखंड आणि सिमेंट यांच्यामध्ये केसाएवढी फट पडते. तिच्यात पाणी शिरतं आणि ऊन पडलं तरी बाहेर येत नाही. वरून कितीही रंग द्या, गंज खालून चालूच राहतो.

म्हणून मी खांब पुरत नाही, आणि फरशीवर उभाही करत नाही. स्लॅबच्या बाहेरच्या उभ्या कडेला बेस प्लेट लावतो. पाणी प्लेटवरून घसरून खाली जातं, थांबत नाही. फरशीही मोकळी राहते, केरसुणी अडत नाही.

उंची फरशीपासून १०५० मिलिमीटर धरली. राष्ट्रीय इमारत संहितेत छपरी-गॅलरीच्या कठड्याला किमान १ मीटर आणि जास्तीत जास्त १.२ मीटर सांगितलं आहे. गज उभेच, आणि दोन गजांत चार इंचांपेक्षा कमी जागा, म्हणजे रांगणाऱ्या बाळाचं डोकं जाणार नाही. आडवे गज दिसायला छान दिसतात, लोक फोटो दाखवून मागतात. लहान मूल असलेल्या घरी मी ते करून देत नाही. आडवा गज म्हणजे मुलाला शिडीच.

सात वाजता

भोकं पाडणं हे आजचं सगळ्यात नाजूक काम. स्लॅबच्या काठाजवळ ठोकून फुगणारा अँकर बसवला तर तो काँक्रीटला आतून ढकलतो आणि कोपरा उडतो. इथे केमिकलचा अँकर लागतो: भोकात रसायन भरायचं, बोल्ट फिरवत आत घालायचा आणि हलवायचा नाही. ४० अंशांत हे रसायन तीन-चार मिनिटांत धरायला लागतं, म्हणून ते काम याच वेळी उरकायचं.

पोरगा भोक पाडून लगेच रसायनाची नळी लावायला निघाला, त्याला थांबवलं. आधी पंपानं फुंकर, मग ब्रश, मग परत फुंकर. भोकात धूळ राहिली तर रसायन धुळीला चिकटतं, काँक्रीटला नाही, आणि बोल्ट एक दिवस सगळ्या धुळीसकट हातात येतो. "दिसत तर नाही जी आतमधी काही," तो म्हणाला. दिसत नाही म्हणूनच तीनदा करायचं.

साडेआठ

चहा आला, सोबत मुरमुरे. शेजारचे एक काकाही बघायला आले. त्यांनाही कठडा करायचा आहे. करड्या जाळ्यांना हात लावून ते म्हणाले, "काहून जी, स्टीलचं नाही केलं? चमकलं असतं."

हा प्रश्न दर घरी येतो, आणि त्याचं उत्तर नीट द्यायला मला आवडतं. स्टेनलेस चांगलंच आहे, पण ३०४ असेल तर. त्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. बाजारात त्याच चकाकीनं २०२ही विकलं जातं. त्यात निकेल कमी आणि त्याची जागा मँगनीज भरून काढतं. दोन-तीन पावसाळ्यांत त्यावर तपकिरी ठिपके येतात. लोक लोहचुंबक लावून बघतात, पण चुंबक दोन्हींना जवळपास सारखाच चिकटत नाही, त्यामुळे ती परीक्षा निरुपयोगी. थेंब टाकून बघायचं रसायन मिळतं, ते दुकानात आपल्यासमोर टाकायला सांगावं. शिवाय अस्सल ३०४च्या शेजारी साधं लोखंड ग्राइंडरनं कापलं, तर त्याच्या ठिणग्या स्टीलवर बसतात आणि तिथून गंज दिसायला लागतो.

ॲल्युमिनियम हलकं, गंजत नाही. पण ते साध्या लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. थंडीतली पहाट आणि मे महिन्यात उन्हात तापलेला पाइप यांत ५० अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्यात ६ मीटर लांबीचं लोखंड साडेतीन मिलिमीटर वाढतं, ॲल्युमिनियम सात. जोड घट्ट आवळलेला असेल तर स्क्रू सैल होणारच. आणि माकडांच्या टोळीनं पातळ नळी वाकवली, तर ते जोडायला लागणारं मशीन इथे कुणाकडे नाही. प्लॅस्टिक-लाकडाच्या पट्ट्यांचंही तेच. गडद रंगाची पट्टी आपल्या उन्हात मऊ पडते, दोन आधारांच्या मध्ये पोट सोडते, आणि बदली पट्टी दोनशेहून जास्त किलोमीटरवरच्या नागपूरहून आणायची.

कमी देखभाल म्हणजे मोडणारच नाही अशी वस्तू, असं मला वाटत नाही. मोडली तर मुलचेऱ्यातच दुरुस्त होईल, ती कमी देखभालीची.

म्हणून साधं लोखंड, आणि वर भट्टीतलं जस्त. दुकानात 'जीआय' म्हणून मिळणारा पातळ चौकोनी पाइप मी वापरत नाही. त्याला जस्त आधी दिलेलं असतं, मग आपण तो कापतो, वेल्डिंग करतो, आणि जस्त ९०७ अंशांना उकळत असल्यानं टाक्याभोवती ते उडून जातं. नेमक्या जोडावर लोखंड उघडं पडतं. तो पांढरा धूर वेल्डरच्या छातीत गेला तर रात्री थंडी वाजून ताप भरतो, ते वेगळंच. मी उलट करतो. जाळ्या साध्या लोखंडाच्या पूर्ण तयार करतो, सगळं वेल्डिंग संपवतो, मग चार-पाच घरांचा माल एकत्र करून नागपूरला भट्टीत बुडवायला पाठवतो. जोडांवर, भोकांच्या आत, पाइपाच्या पोटातही जस्त बसतं. जाळीवर ओरखडा पडला तरी आजूबाजूचं जस्त आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. रंगाला हे जमत नाही. रंग फुटला की त्याच्याखाली गंज पसरत जातो.

काकांनी शेवटी विचारलं, "आणि हा राखाडी रंग असाच?" असाच. चमक वर्षभरात जाऊन तो आणखी मंद होतो. त्या मंद करड्या थरामुळेच आतलं जस्त टिकतं.

साडेनऊ

जाळ्या उचलून जागेवर. जागेवर एकही टाका मारायचा नाही, सगळं बोल्टवर. बोल्टची भोकं लांबट ठेवली आहेत, आणि दोन जाळ्यांमध्ये ३ मिलिमीटरची फट, म्हणजे पाइप वाढला तरी ढकलाढकली नाही. बोल्टही जस्त चढवलेलेच. खांब चार-साडेचार फुटांवर, कारण लग्नाच्या दिवशी दहा माणसं एकाच जाळीला टेकून फोटो काढतात.

अकरा वाजता बंद.

दुपार

जेवण दादांच्याच घरी. आजींनी आग्रह करून मासोळी-भात वाढला. मग कारखान्यात येऊन पुढच्या मालाला भोकं पाडत बसलो. बंद पाइप भट्टीत बुडवता येत नाही. जस्ताचा रस ४५० अंशांच्या आसपास असतो, आत अडकलेली हवा आणि ओल फुगून पाइप बॉम्बसारखा फुटतो, आणि समोरच्या कामगाराचा जीव जातो. प्रत्येक पाइपाला वर-खाली एकेक भोक लागतंच. मालाची यादी करताना मी हे भोक स्वतः बघतो, पोरांवर सोडत नाही. पुढे तेच भोक पावसाचं पाणीही बाहेर काढतं. दोनला लाईट गेली, चारपर्यंत आली नाही.

चार वाजता

पश्चिमेच्या बाजूला वरची पट्टी सागाची. हे मीच सुचवलं. मे महिन्यात तीन वाजता त्या बाजूचा लोखंडी पाइप धरला तर हात भाजतो, आणि आजी उठताना तोच धरणार. आलापल्ली-बल्लारशाचा साग देशभर जातो. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठीही २०२३मध्ये बल्लारशाहूनच गेला. तो आपल्या दारी असताना हाताखाली का नसावा? मात्र फक्त आतलं पिकलेलं लाकूड घ्यायचं. कडेचं पांढरं लाकूड सागाचं असलं तरी वाळवी खाते. पट्टी खालून स्क्रूनं धरली, वर एकही भोक नाही. पट्टी आणि लोखंड यांत वायसर ठेवून हवेला जागा सोडली. वळचण त्या बाजूला अडीच फूट पुढे आहे, त्यामुळे थेट धार पडणार नाही.

उकळलेलं जवसाचं तेल दोन हात दिलं. तेलाची चिंधी पोरगा खिशात कोंबत होता, ती घेऊन पाण्याच्या बादलीत टाकली. जवसाच्या तेलाची चिंधी चुरगळून ठेवली तर आपोआप तापते आणि पेट घेते. मे महिन्यात तर नक्कीच जपावं.

साडेपाच

प्लेटच्या वरच्या कडेला बारीक मसाला, बाहेरच्या बाजूला उतार देऊन. ऊन उतरल्यावरच हे करायचं, नाहीतर पाणी उडून मसाला तडकतो. वर ओलं पोतं.

साडेसहा

अँकरला पूर्ण दिवस गेला. मी आणि पोरग्यानं एकेका खांबाला पाठ लावून रेटलं. प्लेट हलली नाही. पायरीजवळच्या खांबाचा एक बोल्ट अर्धा आटा फिरला, तो आवळला. आजींनी सागाची पट्टी धरून छपरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून बघितलं.

सात वाजता

दादांनी उरलेले पैसे दिले. मी त्यांना तीन गोष्टी सांगितल्या. पोतं तीन दिवस ओलं ठेवा. सागाच्या पट्टीला दरवर्षी मृगाआधी एक हात तेल, बाकी कशाला काही नाही. आणि फरशीचे डाग काढायला संडास-बाथरूमचं ॲसिड आणाल, तर ते कडेवरून प्लेटवर ओघळू देऊ नका. पावसानं वर्षानुवर्षं जेवढं जस्त जाणार नाही, तेवढं ते एका सकाळी खातं.

"ते तर आमची बाई दर दिवाळीला वापरते," दादा म्हणाले आणि आत हाक मारली. त्या बाहेर आल्यावर मी बाटली मागून घेतली, एका जुन्या कापलेल्या तुकड्यावर थेंब टाकला. जस्तावर फेस उठला. त्यांनी पाहिलं आणि बाटली न्हाणीघरातच ठेवायचं कबूल केलं.

उद्या काकांच्या घरचं माप आहे. पहाटे सहाला या, म्हणाले.