दुधातील औषधांश आणि परीक्षापट्टी

तोरणा-राजगडाच्या पायथ्याच्या वाड्यांतून वा भोरच्या पलीकडे वरंध घाटाच्या वाटेवरील वस्त्यांतून पहाटे संकलन केंद्रात आलेले दूध, लॅक्टोमीटर बुडवून व फॅट-एसएनएफचे आकडे नोंदवहीत चढवून एकदा मापात घेतले की शुद्धतेचा दाखला मिळाला, हा समज प्रथम दूर केला पाहिजे. कारण लॅक्टोमीटर केवळ घनता सांगतो, आणि दगडी (कासदाह) झालेल्या गाईच्या सडात सोडलेल्या प्रतिजैविकाचा अंश त्या घनतेत जाणवण्याजोगा फरक करीत नाही.

उकळल्याने दोष जातो, हा समज त्याहून हट्टी. उकळीने जंतू मरतात, औषधांचे रेणू मात्र बव्हंशी टिकतात. विरजण लावूनही दही लागत नाही, ते कधीकधी त्यामुळेच.

हे औषधांश टिपणाऱ्या, हातात मावणाऱ्या जैवसंवेदकाविषयीचा, म्हणजे परीक्षापट्टीविषयीचा, गैरसमज मला अधिक घातक वाटतो. रेषा उमटली म्हणजे औषध सापडले, असे पाहणारा मानतो. प्रचलित पट्टीत प्रकार उलट असतो. सोन्याच्या सूक्ष्मकणांना जोडलेली प्रतिपिंडे दुधात औषध असल्यास त्यालाच बिलगतात, परीक्षारेषेसाठी मोकळी उरत नाहीत, आणि रेषा फिकी पडते किंवा नाहीशी होते. शेजारची नियंत्रणरेषाच न उमटल्यास ती तपासणी रद्द समजावी. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेने विकसित केलेल्या चाचणीचे तत्त्व निराळे आहे: जिवाणूंचे बीजाणू औषधाच्या सान्निध्यात अंकुरत नाहीत.

पेनिसिलिन-कुळाची पट्टी टेट्रासायक्लिनविषयी मुकी असते, म्हणून एका पट्टीने सर्व औषधांची ग्वाही मिळत नाही. तसेच प्रतिकूल निकाल म्हणजे भेसळीचा आरोप नव्हे, प्रयोगशाळेतील निश्चितीनंतरच तो निकाल ग्राह्य धरावा. बेंझिलपेनिसिलिनची आंतरराष्ट्रीय मर्यादा लिटरमागे अवघी 4 मायक्रोग्रॅम आहे. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2018 च्या सर्वेक्षणात 6,432 नमुन्यांपैकी 77 मध्ये प्रतिजैविके मर्यादेबाहेर आढळली. ही संख्या घबराटीची नाही, पण दुर्लक्षिण्याजोगीही नाही.

या पट्टीची खरी जागा शहरातील ग्राहकाचे स्वयंपाकघर नसून गावचे संकलन केंद्र आहे, आणि तेथेही दूध शीतटाकीत ओतण्यापूर्वीची वेळ. कारण उपचार चालू असलेल्या एका गाईचे दूध संपूर्ण टाकी मर्यादेबाहेर नेऊ शकते, आणि मिसळल्यानंतर ते कोणत्या गोठ्यातले, याचा माग लागत नाही. औषध टोचताना ते दूध किती दिवस वेगळे काढायचे, ती तारीख पशुवैद्याने स्वच्छ मराठीत लिहून शेतकऱ्याच्या हाती द्यावी.